कोरोला की सिव्हिक? कागदावर बरोबरी झाल्यावर काय बघायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात चौघं, त्यात आई सत्तरीच्या आणि त्यांना गुडघ्यांचा त्रास. रोज शहरात तीस-पस्तीस किलोमीटर आणि महिन्यातून एकदा चारशे किलोमीटरचा लांबचा प्रवास. गाडी निदान दहा वर्षं ठेवायची आहे. टोयोटा कोरोला हायब्रिड आणि होंडा सिव्हिक हायब्रिड या दोन सेडानपाशी येऊन तुम्ही थांबला आहात (हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर आणि बॅटरी). एकीची ताकद १३८ हॉर्सपॉवर, दुसरीची २००, तरी ॲव्हरेज जवळपास सारखं. मग निवडायचं कशावर?

मी वीसेक वर्षं वर्कशॉपमध्ये काम केलं आणि आता लोकांना गाडी घेण्याआधी तपासून देतो. दोन मॉडेलांची तुलना करून कोणाचाच प्रश्न सुटलेला मी पाहिलेला नाही. तुलना करायची ती दोन ठरावीक गाड्यांची, म्हणजे जी तुमच्या दारात येणार आहे तेच व्हेरिएंट, तेच इंजिन आणि तेच टायर. कोरोला हे नाव १९६६ पासून चालत आलंय, सिव्हिक १९७२ पासून. कोरोलाच्या पाच कोटींहून जास्त गाड्या विकल्या गेल्यात. एवढ्या पसाऱ्यात एकाच नावाखाली किती वेगवेगळ्या गाड्या असतात बघा. कोरोला साध्या पेट्रोलवर मिळते, तशी हायब्रिडमध्येही मिळते. सिव्हिक हायब्रिड अमेरिकेत २०० हॉर्सपॉवरची आहे, तर युरोपात तीच सुमारे १८० ची. त्यामुळे दुसऱ्या देशातल्या कोणाचा अनुभव वाचताना तो तुमच्याच गाडीबद्दल आहे का, हे आधी पाहा. मी खाली जे आकडे देतोय ते अमेरिकेतल्या २०२५ च्या सेडानचे आहेत, कारण तिथे दोन्ही गाड्या एकाच सरकारी पद्धतीने मोजलेल्या आहेत.

ॲव्हरेजपासून सुरुवात करतो, कारण लोक सगळ्यात जास्त वेळ तिथेच घालवतात. गॅलनचे आकडे लिटरमध्ये बदलले तर कोरोला हायब्रिडच्या साध्या व्हेरिएंटचं ॲव्हरेज शहरात साडेबावीस, हायवेला साडेएकोणीस आणि एकत्रित २१.३ किलोमीटर येतं. सिव्हिक हायब्रिडचं शहरात २१.३, हायवेला २० आणि एकत्रित २०.८. तुमचं वर्षाचं फिरणं १५,००० किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे कोरोलाला वर्षाला सुमारे ७०५ लिटर पेट्रोल लागेल आणि सिव्हिकला ७२०. फरक पंधरा लिटरचा, वर्षभरात! टाकीची अर्धी भरणीसुद्धा नाही. एवढ्यावरून दहा वर्षांची गाडी ठरवू नका.

इथे एक हिशेब लक्षात ठेवा, पुढेही कामाला येईल. लिटरला किती किलोमीटर, हा आकडा वरच्या टोकाला फसवतो. ॲव्हरेज १० वरून १२ वर गेलं तर १५,००० किलोमीटरला २५० लिटर वाचतात. तेच २० वरून २२ वर गेलं तर जेमतेम ६८. दोन्हीकडे फरक दोनचाच दिसतो. म्हणून मी नेहमी वर्षाच्या लिटरमध्ये हिशेब मांडतो. आणि एका गाडीचा आकडा युरोपच्या चाचणीतला, दुसरीचा अमेरिकेच्या, असं शेजारी शेजारी ठेवू नका. चाचणीचा वेग, तापमान, एसी चालू की बंद, सगळं वेगळं असतं.

आता ताकदीचं. १३८ आणि २०० मधला फरक खरा आहे, पण तो कुठे जाणवतो ते कळायला दोन्ही गाड्या आतून कशा चालतात ते थोडं समजून घ्यावं लागेल. सीव्हीटी म्हणजे ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. दोन्हींच्या ब्रोशरमध्ये ‘ई-सीव्हीटी’ लिहिलेलं असतं आणि लोकांना वाटतं की आत पुलीवर फिरणारा स्टीलचा पट्टा आहे, जसा साध्या पेट्रोलच्या सीव्हीटीत असतो. तो पट्टा या दोन्ही हायब्रिडमध्ये नाही. एवढी एकच गोष्ट कळली तरी निम्मी भीती जाते, कारण सीव्हीटीबद्दलच्या बहुतेक तक्रारी त्या पट्ट्याच्या आणि त्याच्या ऑइलच्या असतात.

कोरोलात इंजिन आणि दोन मोटर-जनरेटर एका प्लॅनेटरी गिअरसेटने जोडलेले असतात. मधल्या गिअरभोवती छोटे गिअर फिरतात आणि त्यांच्याभोवती बाहेरचं रिंग. इंजिनाची ताकद तिथे दोन वाटांनी जाते. एक भाग थेट चाकांकडे, दुसरा जनरेटरमधून वीज होऊन. यात क्लच नाही, बदलणारे गिअर नाहीत, वेगळा स्टार्टर नाही आणि अल्टरनेटरही नाही. १९९७ च्या पहिल्या प्रियसपासून टोयोटा हीच कल्पना घासूनपुसून वापरतेय. झिजणारे भाग कमी, म्हणून ती टिकते. तिचा एक स्वभाव मात्र आहे. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की इंजिन एकदम वरच्या आरपीएमला जाऊन तिथेच थांबतं, आणि गाडीचा वेग मागून हळूहळू वाढतो. शहरात हे कधी जाणवतही नाही. चढावर चौघं बसलेली, डिकी भरलेली आणि पुढे ट्रक असेल तर मात्र इंजिनाचा एकसुरी आवाज केबिनमध्ये भरतो.

सिव्हिकची रचना वेगळी. शहरात तिचं इंजिन बहुतेक वेळ चाकांना जोडलेलंच नसतं. ते जनरेटर फिरवतं आणि चाकं फिरवते दुसरी मोठी मोटर. हायवेला एका लयीत चालताना एक क्लच लागतो आणि इंजिन ठरलेल्या एकाच गुणोत्तराने थेट चाकांना जोडलं जातं, कारण त्या वेगाला वीज करून पुन्हा मोटर चालवण्यापेक्षा तेच किफायतशीर पडतं. चाकं मोटर ओढत असल्यामुळे पिकअप लगेच मिळतो आणि ओव्हरटेक करताना मनात धाकधूक राहत नाही. माझ्या मते २०० हॉर्सपॉवरचा खरा उपयोग हाच, उलट्या बाजूला राहण्याची सेकंदं कमी होतात. तुमचे महिन्याचे चारशे किलोमीटर एकपदरी रस्त्यावर असतील तर ही गोष्ट चैनीत मोडत नाही, सुरक्षेत मोडते. चौपदरी रस्ता असेल तर कोरोलाची ताकदही पुरून उरते.

दोन्हींच्या बाबतीत शोरूममध्ये कोणी सांगत नाही अशी एक बाब. बऱ्याच हायब्रिड गाड्यांत मोठी बॅटरी मागच्या सीटखाली असते आणि तिला थंड ठेवायला केबिनचीच हवा आत ओढली जाते. त्या हवेची जाळी सीटच्या बाजूला किंवा खाली, पायाशी असते. माझ्याकडे एकदा एक हायब्रिड आली होती, ॲव्हरेज उतरलंय आणि मागून पंख्याचा घरघर आवाज येतोय म्हणून. मी जाळी काढली तर आतल्या फिल्टरवर कुत्र्याच्या केसांचा आणि धुळीचा नमद्यासारखा जाड थर बसलेला. बोटाने धरून ओढला तर अख्खी चादर एका तुकड्यात निघाली. बॅटरी गरम होत होती म्हणून गाडी स्वतःच तिचा वापर कमी करत होती. फिल्टर साफ केला आणि गाडी पूर्ववत झाली. त्यामुळे टेस्ट ड्राइव्हच्या दिवशीच विचारा, ती जाळी कुठे आहे, फिल्टर आहे का आणि तो सर्व्हिसिंगमध्ये साफ करतात का. आणि त्या जाळीवर पिशव्या, उशा किंवा पांघरूण कधी ठेवू नका.

गिअरबॉक्सचं ऑइल ‘आयुष्यभर पुरतं’ असं कोणी म्हणालं तर तुम्ही दहा वर्षं गाडी ठेवणार आहात हे त्याला आठवण करून द्या. मी माझ्या लोकांना लाखभर किलोमीटरच्या आत ते बदलायला लावतो, आणि तेही कंपनीने सांगितलेलंच. इन्व्हर्टरच्या, म्हणजे बॅटरीची वीज मोटरसाठी बदलून देणाऱ्या भागाच्या, कूलंटचंही तसंच. ब्रेकचं उलटं आहे. हायब्रिड गाडी वेग कमी करताना मोटरच जनरेटर बनते, त्यामुळे पॅड खूप टिकतात, पण कमी वापरामुळे डिस्क गंजतात आणि कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, पिना अडकतात. म्हणून पॅड शिल्लक असले तरी वर्षातून एकदा चाकं काढून पिनांना ग्रीस लावून घ्या.

मला तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ मात्र इंजिनाची नाही, आईंच्या गुडघ्यांची आहे. दोन्ही गाड्या जमिनीलगत बसवणाऱ्या आहेत. सेडान असल्यामुळे छप्पर मागे उतरतं आणि मागचं दार वरून कापल्यासारखं होतं. ब्रोशरमध्ये मागच्या लेगरूमचे आकडे मिळतील: सिव्हिक ९५० मिलिमीटर, कोरोला ८८४. साडेसहा सेंटिमीटरचा हा फरक कमी नाही. पुढे उंच माणूस बसला की कोरोलात मागच्याचे गुडघे सीटच्या पाठीला टेकायला लागतात, सिव्हिकमध्ये जागा उरते. आणि आईंना पाय लांब करून बसता येणं, तासाभराने पायाची ढब बदलता येणं, हे त्यांच्यासाठी लांबच्या प्रवासात इतर कशाहीपेक्षा मोठं आहे.

पण बसल्यावरची जागा ही अर्धीच गोष्ट झाली. दुखऱ्या गुडघ्यांची खरी परीक्षा उतरताना होते. बसताना शरीर खाली सोडून देता येतं. उठताना सगळं वजन त्याच गुडघ्यावर तोलावं लागतं. म्हणून आईंना शोरूममध्ये घेऊन जा आणि नीट पाहा. त्या बसल्या, आता उतरायचंय. आधी डोकं वाकवून छपराच्या कडेखालून बाहेर काढावं लागतं का? एक पाय उंबऱ्यावरून, म्हणजे दाराखालच्या पट्टीवरून, बाहेर टाकताना टाच अडकते का? पाऊल जमिनीवर टेकल्यावर मांडी गुडघ्याच्या खाली राहते की समपातळीत? मांडी खाली राहत असेल तर त्यांना प्रत्येक वेळी दाराची चौकट धरून स्वतःला वर खेचावं लागेल. छपराला धरायला हँडल आहे का आणि त्यांचा हात तिथे सहज पोहोचतो का, तेही बघा. एकदा उतरून दाखवणं कोणालाही जमतं. चार-पाच वेळा बसायला-उतरायला लावा आणि शेवटच्या वेळी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहा. त्या ‘ठीक आहे’ म्हणतील, आया तसंच म्हणतात. मग त्यांना पुढच्या सीटवर बसवून पाहा, सीट पूर्ण मागे आणि उंचीचं ॲडजस्टमेंट असेल तर वर घेऊन. बऱ्याच घरांत उत्तर तिथेच सापडतं.

डिकीचं थोडक्यात सांगतो. सिव्हिकची ४१९ लिटर, कोरोलाची ३७१. लिटरपेक्षा तोंड किती मोठं आहे ते पाहा. सेडानच्या डिकीचं तोंड अरुंद असतं, मोठी सूटकेस आडवी जात नाही. काही गाड्यांत झाकणाचे बिजागर हंसाच्या मानेसारखे वाकलेले असतात आणि झाकण लावताना आत शिरून सामानावर बसतात. रिकाम्या डिकीत हे दिसत नाही. म्हणून तुमच्या दोन मोठ्या बॅगा नि आईंची घडीची खुर्ची किंवा वॉकर असेल तर तोही घेऊन जा, आत ठेवा आणि झाकण सावकाश लावून बघा. मग तळाचा गालिचा उचला. खाली स्टेपनी आहे की नुसतं पंक्चर किट, हे त्याच वेळी कळेल. पंक्चर किटने टायरच्या बाजूची चीर भरत नाही. रात्री आडवाटेला आईंसोबत असताना हा फरक मोठा होतो.

टायरचा मुद्दा लोक सोडून देतात. वरच्या व्हेरिएंटला अठरा इंची चाकं असतात आणि ती दिसतात देखणी. हिशेब मात्र असा आहे. २०५/५५ आर१६ या टायरची बाजूची भिंत ११३ मिलिमीटर उंच असते. २२५/४० आर१८ ची ९० मिलिमीटर. चाकाचा बाहेरचा व्यास दोन्हीकडे साधारण सारखाच, म्हणजे वाढलेली जागा अलॉयने घेतली आणि रबराची उशी तेवीस मिलिमीटरने कमी झाली. खड्ड्यात आपटल्यावर ती उशीच धक्का खाते. ती कमी झाली की धक्का सस्पेन्शनकडे आणि तिथून आईंच्या पाठीकडे जातो. अलॉय वाकतं, टायर कापला जातो, आणि नवा टायरही महाग पडतो. तुमच्यासारख्या घराला मी दोन्ही गाड्यांत सोळा इंची चाकांचं व्हेरिएंट सुचवेन. तुमच्याकडे ते मिळत नसेल तर निदान सगळ्यात लहान चाकं असलेलं घ्या. सनरूफ गेलं तरी चालेल.

सुरक्षेच्या ताऱ्यांबद्दल एक खबरदारी. युरो एनकॅप या युरोपातल्या धडक-चाचणी संस्थेच्या परीक्षेत कोरोलाला २०१९ मध्ये पाच तारे मिळाले, सिव्हिकला २०२२ मध्ये पाच. मधे २०२० मध्ये समोरच्या धडकेची चाचणीच बदलली. आधी गाडी ताशी ६४ किलोमीटरने एका जागी उभ्या अडथळ्यावर आपटायची. नंतर गाडी आणि १,४०० किलोंची ट्रॉली, दोन्ही ५० च्या वेगाने एकमेकांवर येऊ लागल्या. म्हणजे हे पाच तारे आणि ते पाच तारे एकाच परीक्षेचे गुण नाहीत. दोन्ही गाड्या भक्कम आहेत यात मला शंका नाही. फक्त तुमच्याकडे मिळणाऱ्या व्हेरिएंटला एअरबॅग किती आणि आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा आहे का, हे लेखी तपासा.

त्या यंत्रणेचा कॅमेरा पुढच्या काचेमागे असतो. काच फुटली की नुसती काच बदलून भागत नाही, कॅमेरा पुन्हा कॅलिब्रेट करावा, म्हणजे त्याची नजर नव्याने जुळवून घ्यावी लागते. एलईडी हेडलाइट बिघडला तर बहुतेक वेळा बल्ब मिळत नाही, अख्खा दिवाच बदलावा लागतो. म्हणून गाडी ठरवण्याआधी सर्व्हिस सेंटरच्या पार्ट्स काउंटरवर, शोरूममध्ये नव्हे, तीन गोष्टींचे दर विचारा: कॅलिब्रेशनसह पुढची काच, एक हेडलाइट आणि पुढचा बंपर. सोबत हे भाग त्यांच्याकडे पडून आहेत की मागवावे लागतात, तेही विचारा. हायब्रिड बॅटरीची वॉरंटी किती वर्षं नि किती किलोमीटर, आणि कुठल्या अटीवर ती रद्द होते, हे कागदावर घ्या.

टेस्ट ड्राइव्ह एकाच दिवशी, एकापाठोपाठ, एकाच रस्त्यावर करा. मधे आठवडा गेला की पहिल्या गाडीचं फक्त रंगरूप आठवतं. चौघंही बसा. गाणी बंद, एसी पूर्ण. आधी मंद ट्रॅफिकमध्ये चालवा. इंजिन चालू-बंद होताना झटका किंवा कंप जाणवतो का, हलका ब्रेक लावताना गाडी सरळ थांबते की शेवटी डोकं पुढे जातं, हे तिथे कळतं. मग खराब रस्त्यावर तीस-चाळीसच्या वेगाने. तेव्हा तुम्ही स्वतः मागे, आईंच्या जागी बसा. शेवटी मोकळ्या रस्त्यावर ६० वरून ९० पर्यंत वेग वाढवा आणि इंजिन किती ओरडतं ते ऐका. चौघं बसलेली असताना स्पीडब्रेकरवर खाली घासते का, हेही तेव्हाच कळेल, कारण ब्रोशरमधला ग्राउंड क्लिअरन्स बहुधा रिकाम्या गाडीचा असतो.

माझं मत विचाराल तर तुमच्या घरासाठी मी सिव्हिकच्या बाजूला झुकतो. मागची जागा जास्त, डिकी मोठी, ओव्हरटेकला ताकद, आणि त्याची किंमत वर्षाला फक्त पंधरा लिटर पेट्रोल. तुमचा लांबचा प्रवास महिन्याऐवजी वर्षातून दोनदा असता आणि मागे लहान मुलंच बसणार असती, तर मी डोळे मिटून कोरोला म्हणालो असतो, तिच्या त्या साध्या, झिजायला फारसं काही नसलेल्या गिअरसेटसाठी. जवळचं सर्व्हिस सेंटर फक्त टोयोटाचं असेल तरीही कोरोलाच घ्या. दहा वर्षांत ते अंतर तुम्हाला कितीतरी वेळा कापावं लागेल.

आणि आईंना दोन्ही गाड्यांतून, पुढच्या सीटवरूनही, हात धरल्याशिवाय उठता आलं नाही, तर या दोन्हींपैकी एकही घेऊ नका. मग उंच सीटची गाडी शोधू. त्या कुठल्या सीटवरून कशा उठल्या आणि जमिनीपासून त्या सीटची कडा किती सेंटिमीटरवर होती, हे टेपने मोजून मला कळवा. त्यावरून पुढची नावं सांगतो.